हिरवे बेड लपवू नका



दिवाळीनंतर धुळे तालुक्यात मावशीच्या गावी गेलो होतो. तिथल्या बचत गटाच्या आक्कांचा निरोप आला, "भाऊ, एक डाव आमनं मशरूम दखी जा." मला वाटलं, पहिला तोडा आला असेल, कौतुकाने बोलावताहेत. जाऊन बघतो तर घरामागे उकिरड्याच्या कडेला पोत्याखाली झाकलेला ढीग. पोतं उचललं आणि हिरवी धूळ उडाली. साठ बेड भरले होते, त्यातले अडतीस तिथे पडले होते.

"आठ दिनमा समदं हिरवं व्हई गयं, भाऊ. आते कोनतं औषध मारूत?"

मी विचारलं, पोत्याखाली का झाकलं? तर आक्का खाली बघत म्हणाल्या, लोक हसतात. गटातल्या बायांच्या घरची माणसं म्हणतात, आम्ही आधीच सांगितलं होतं. मांडव, हिरवी जाळी, पंप, स्पॉन, पिशव्या, सगळं मिळून गटाच्या बचतीतले साडेसात हजार गेले होते. शेतातलं नुकसान दिसतं, त्याला पंचनामा तरी होतो. पोत्याखालच्या नुकसानीला कोण विचारतं?

मला हसू आलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी माझे ऐंशीतले एकतीस बेड असेच गेले होते आणि मी ते रात्री बॅटरी घेऊन बांधाकडे पुरून आलो होतो. सकाळी लोकांना सांगितलं, "चाललंय बरं." त्या वर्षी माझं बघून शेजारच्या दोघांनी बेड भरले. त्यांचेही गेले. मी खरं बोललो असतो तर त्यांचे पैसे वाचले असते. म्हणून आजची नोंद.

ही हिरवी बुरशी म्हणजे कोण?

नाव ऐकलं की तुम्ही म्हणाल, हा तर आपला माणूस. ट्रायकोडर्मा. हरभऱ्याच्या मर रोगाला बियाण्याला चोळतो तो. केळीला, कपाशीला शेणखतात मिसळून टाकतो तो. एक किलोच्या पाकिटात पांढरट भुकटी येते, तिच्या एका ग्रॅममध्ये नियमाप्रमाणे कमीत कमी वीस लाख जिवंत बीजाणू असावे लागतात. या बुरशीचा धंदाच मुळी दुसऱ्या बुरशीला गुंडाळायचं, तिची भिंत विरघळवायची आणि तिला खायचं. रानात ती मर रोगाची बुरशी खाते, म्हणून आपण तिला मित्र म्हणतो. पण मशरूम काय आहे? मशरूमही बुरशीच. खोलीत आली की ती हेच काम धिंगरीवर करते.

मी काय केलं होतं सांगतो. ज्या शेडमध्ये बेड भरले, त्याच शेडच्या दारात दोन दिवस आधी ट्रायकोडर्माची पाकिटं फोडून शेणखतात कालवली होती. तीच पाटी, तेच फावडं, तेच हात. फक्त तेवढ्यानेच झालं असं नाही, ही बुरशी मातीत आणि काडात मुळातच असते. पण मी तिला पाट-रांगोळी मांडून बोलावलं होतं, हे खरं. पाकिटावर "शेतकऱ्याचा मित्र" लिहिलेलं असतं, "मशरूमच्या खोलीपासून लांब ठेवा" असं लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. तेव्हा नियम एक: ज्या दिवशी रानात ट्रायकोडर्मा हाताळला, त्या दिवशी मशरूमच्या खोलीत पाय नाही. अंघोळ करून, कपडे बदलून दुसऱ्या दिवशी.

पांढरं ते सगळं धिंगरी नसतं

आक्का म्हणाल्या, चौथ्या-पाचव्या दिवशी बेड पांढरे दिसत होते, सगळ्या बाया खूश होत्या. इथेच फसगत होते. ट्रायकोडर्माही सुरुवातीला पांढराच असतो. धाग्यांची तशीच जाळी. तो हिरवा होतो बीजाणू धरल्यावर. म्हणजे आपल्याला हिरवं दिसलं तोवर त्याचं पीक काढणीला आलेलं असतं. त्या वेळी औषध मारणं म्हणजे कापूस वेचून झाल्यावर बोंडअळीची फवारणी.

उलट होतं काय, पंपाचा फवारा मारला की बीजाणू उडून खोलीभर होतात. आक्कांनी हेच केलं होतं. पहिल्या दिवशी चार बेड हिरवे होते. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी बुरशीनाशकाचं पाणी जोरात मारलं, वर पंखा लावला. पुढच्या आठ दिवसांत बाकीचे चौतीस.

मग चूक कुठे झाली?

ओट्यावर बसून आम्ही पहिल्या दिवसापासून उजळणी केली. औषध कोणतं याच्यापेक्षा हे विचारणं जास्त कामाचं असतं.

काड कोणतं होतं? सोयाबीनचं कुटार, ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात भिजून पुन्हा वाळलेलं. एकदा भिजलेल्या काडात बुरशी आधीच घर करून बसते. काड चालू हंगामाचं, सोनेरी, कोरडं आणि पाऊस न लागलेलंच हवं. गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, कापसाच्या पऱ्हाटीचा भुगा, केळीची वाळलेली पानं, आपल्या खानदेशात मालाला तोटा नाही. पण जनावर ज्या कुट्टीला तोंड लावत नाही ती कुट्टी मशरूमला देऊ नका.

भिजवलं कसं? दोनशे लिटरच्या ड्रममध्ये वीस किलो कुटार पायाने दाबून भरलं होतं. त्या ड्रमला दहा-बारा किलोच झेपतं. मधला गाभा कोरडाच राहिला, तिथे ना औषध पोचलं ना पाणी.

निथळायला कुठे टाकलं? गोठ्यासमोरच्या ताडपत्रीवर. आणि आदल्या आठवड्यात त्याच ताडपत्रीवर सोयाबीन वाळवलं होतं. म्हणजे रात्रभर धुतलेला पोरगा सकाळी परत चिखलात.

ओल किती होती? मुठीत घट्ट दाबल्यावर पाणी टपकत होतं. हाताची खूण लक्षात ठेवा: मूठ आवळली तर तळहात ओला व्हावा, पण थेंब पडू नये. जास्त ओल म्हणजे बेडच्या तळाशी पाणी साचणार, हवा कोंडणार. धिंगरीच्या धाग्याला श्वास लागतो.

स्पॉन कसं आलं? दुपारच्या एसटीच्या टपावरून. ऑक्टोबर हिटमध्ये टपावर काय तापमान असतं ते वेगळं सांगायला नको. धिंगरीचा धागा पस्तीस-चाळीस अंशाच्या पुढे खचतो. स्पॉन रात्रीच्या गाडीने आणा, ओल्या गोणपाटात किंवा थर्माकोलच्या डब्यात. दाण्यावर पांढरी, घट्ट, एकसारखी जाळी हवी. पिवळं पाणी सुटलेलं, आंबूस वास येणारं किंवा एक जरी हिरवा ठिपका असलेलं पाकीट परत करा. पैसे दिलेत म्हणून वापरू नका.

आणि त्यात पेंड. कुणीतरी सांगितलं म्हणून उत्पादन वाढायला मूठभर सरकी पेंड टाकली होती. पेंडीतला नत्र धिंगरीला आवडतो, पण बुरशीला त्याहून जास्त. नीट वाफवायची सोय नसेल तर पेंड, कोंडा, बेसन काही टाकू नका.

एका हंगामात सहा चुका. यातली एकही आक्कांच्या आळसामुळे झालेली नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एका दिवसाच्या प्रशिक्षणात पांढऱ्याशुभ्र गुच्छांचे फोटो दाखवले, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढले. हिरव्या बेडचा एकही फोटो नाही.

फॉर्मॅलिन की गरम पाणी?

आता माझं ठाम मत सांगतो, पटलं नाही तर भांडा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रासायनिक पद्धत शिकवतात. शंभर लिटर पाण्याला साधारण १२५ मिली फॉर्मॅलिन आणि ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम, त्यात सोळा-अठरा तास काड. पद्धत चुकीची नाही, शास्त्रज्ञांनीच बसवलेली आहे, इंधन वाचतं. पण ती प्रयोगशाळेच्या शिस्तीत बसवलेली आहे. आपल्या ओसरीत ती कशी होते ते मी बघितलंय. माप नाही, झाकणाने ओततात. हातमोजे नाहीत. आक्कांच्या गटातल्या एका ताईच्या बोटांची साल निघाली होती, दुसरीचे डोळे दोन दिवस चुरचुरत होते. फॉर्मॅल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. लेकरं खेळतात त्या अंगणात ते ड्रममध्ये कालवायचं, हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे कार्बेन्डाझिमवर फार विसंबू नका. याच गटातल्या औषधाला दाद न देणारा ट्रायकोडर्मा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या मशरूम पट्ट्यात सापडलेला आहे. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की काय होतं, हे कपाशीवाल्यांना मी काय शिकवणार.

गरम पाणी घ्या. काड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, मग ६५ ते ७० अंश पाण्यात पूर्ण एक तास बुडवून ठेवा. थर्मामीटर घ्या, बोट बुडवून अंदाज नको. तास मोजायचा तो काड टाकल्यानंतर पाणी परत ६५ ला आल्यावर. काड वर तरंगतं, म्हणून गोणीत भरून वर दगड ठेवा.

लगेच कुणी म्हणेल, एवढं सरपण कुठून आणायचं? अहो, खानदेशात? जानेवारी-फेब्रुवारीत बांधाबांधावर पऱ्हाटी जाळतो ते कोण? गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून शेतातली पऱ्हाटी काढा असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. आपण ती उपटतो आणि घरामागे रचून ठेवतो, म्हणजे अळीची मुक्कामाची सोय. भरताची वांगी भाजायला जी पऱ्हाटी चालते तीच ड्रमखाली घाला. बोंडअळीचाही बंदोबस्त, काडही शेकून निघतं. राख केळीला.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. याला आपण निर्जंतुकीकरण म्हणतो, पण काड पूर्ण निर्जंतुक होत नाही आणि व्हायलाही नको. ६५-७० अंशाला बुरशीचं बी बहुतेक मरतं, पण उष्णता सोसणारे काही चांगले जिवाणू टिकतात आणि ते जागा अडवून धरतात. पार उकळून काढलेलं काड म्हणजे नांगरून मोकळं सोडलेलं रान, ज्याचं बी आधी पडेल त्याचं राज्य. म्हणून जास्त उकळलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही.

पुढे सगळी शर्यत वेळेची. काड अंगाइतकं कोमट झालं की लगेच स्वच्छ, स्पिरिटने पुसलेल्या टेबलावर बेड भरा. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. ओल्या काडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के ताजं स्पॉन. इथे काटकसर करू नका. स्पॉन जास्त तर धिंगरी लवकर पसरते, बुरशीला जागा उरत नाही.

बारमाही म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

"मशरूम बारमाही घ्या, घरबसल्या लाख कमवा," असं सांगणारे व्हिडिओ रोज येतात. त्यांना माझा एकच प्रश्न: मे महिन्यात भुसावळला आलात का कधी?

पंचेचाळीस अंशाला पत्र्याच्या शेडमध्ये धिंगरी होत नाही. वाळ्याचे पडदे, ठिबकचे फॉगर लावून तापमान उतरतं, पण पाणी आणि वीज कुठून? त्यात बेड स्वतःही तापतो, आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश जास्तच असतं. खोलीत तीस असलं की बेडच्या पोटात धिंगरी दमलेली आणि ट्रायकोडर्मा जोमात. आपला हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. धुळ्याकडे थंडी एक आकडी उतरते तेव्हा बेड हळू चालतात, पण सडत नाहीत. पावसाळ्यात घेता येतं, पण हवेत ओल आणि माशा दोन्ही, ते सरावलेल्या हाताचं काम. पहिल्यांदा करणाऱ्याने ऑक्टोबरची घाई करू नये. आक्कांना ऑक्टोबरमध्ये बेड भरायला लावणाऱ्याने स्पॉन विकलं, बाकी त्याचं काही गेलं नाही.

मोठ्यांचंही गेलंय

हे फक्त आपल्यासारख्या अडाण्यांचंच होतं असं समजू नका. १९८५ च्या सुमारास उत्तर आयर्लंडमध्ये बटन मशरूमच्या मोठमोठ्या शेडमध्ये हिरव्या बुरशीने असाच धुमाकूळ घातला. पुढे ती ब्रिटनभर गेली, नव्वदच्या दशकात कॅनडा-अमेरिकेत तशीच साथ आली. यंत्रं, वातानुकूलित खोल्या, तज्ज्ञ, सगळं असून. शेवटी त्या बुरशीला वेगळी जात ठरवून २००२ मध्ये नाव दिलं, ट्रायकोडर्मा अ‍ॅग्रेसिव्हम. आपल्या धिंगरीवर येणाऱ्या दोन वेगळ्या जाती कोरियात ओळखल्या गेल्या, त्यांची नावंच धिंगरीवरून पडली आहेत.

आणि तिथे साथ आटोक्यात आली ती मुख्यतः स्वच्छतेने. स्पॉन मिसळण्याची जागा वेगळी, जुना माल आणि नवा माल यांची वाट वेगळी, अवजारं धुतलेली, माशा आणि बारीक कोळी यांचा बंदोबस्त. ट्रायकोडर्माचे बीजाणू चिकट असतात, कोळ्याच्या आणि माशीच्या अंगाला लागून एका बेडवरून दुसऱ्यावर जातात. म्हणून खिडकीला बारीक जाळी आणि पिवळे चिकट सापळे. यातलं काहीही आपल्याला न परवडण्यासारखं नाही.

हिरवा बेड दिसला तर

खोलीत फोडू नका, हलवू नका, फवारू नका. ओलं फडकं ठिपक्यावर टाका, बेड तसाच मोठ्या पिशवीत घाला, तोंड बांधा, मग बाहेर न्या. तोंडाला रुमाल किंवा मास्क हवाच, ही धूळ छातीत जाते, दमेकऱ्याने तर जवळ जाऊ नये. खोलीतलं काम करायचं ते आधी चांगल्या बेडचं, शेवटी संशयी बेडचं, आणि नंतर परत चांगल्याकडे जायचं नाही. अर्ध्या हिरव्या बेडला दुसऱ्या बाजूने फूल आलं तरी ते विकू नका, घरातही खाऊ नका. गिऱ्हाईक एकदा तुटलं की जुळत नाही.

उकिरड्यावर टाकू नका. खोलीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला खड्डा करून शेणाच्या थरात पुरा. वर्षभराने ते खत रानात गेलं की तोच ट्रायकोडर्मा हरभऱ्याच्या कामी येईल. त्याचं आपलं वैर फक्त त्या एका खोलीपुरतं.

माझं म्हणणं एवढंच

मशरूम वाईट धंदा नाही. मी अजून करतोय, यंदाही शंभर बेड भरलेत. पण पहिल्या वेळी दहाच भरा. साठ नाही, शंभर नाही, दहा. दहातले सात गेले तरी घर चालतं. हातखंडा बसला की वाढवा. माझा हिशोब असा: शंभरात पाच गेले तर धरून चालायचं. दहाच्या वर गेले तर पुढची भरणी थांबवायची आणि काडापासून उजळणी करायची.

शिकायचं असेल तर पाल आणि ममुराबादचं कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळ्यात कृषी महाविद्यालयाच्या आवारातलं केंद्र आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळंबी प्रकल्पाचं केंद्र आहे. सोलनची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून फक्त याच विषयावर काम करते. तिथे गेलात की पहिला प्रश्न उत्पादनाचा विचारू नका. विचारा, "साहेब, तुमचे खराब झालेले बेड दाखवा." जो दाखवेल त्याच्याकडून शिका. खासगीत शिकवणारा, स्पॉन विकणारा, माल परत घेण्याची हमी देणारा कुणीही असो, त्यालाही हेच विचारा.

आक्कांच्या ओट्यावर उठता उठता एक वही केली. रकाने पाच: काड कुठलं, पाण्याचं तापमान किती, स्पॉन किती दिवसांचं, बेड किती भरले, हिरवे किती झाले. शेवटचा रकाना भरायला आक्का कचरत होत्या. मी म्हणलं, आक्का, याच रकान्यासाठी वही आहे. मग त्यांनी पेन घेतलं आणि अडतीस लिहिलं. गटातल्या दुसऱ्या ताईने विचारलं, "आते परत भरशात का?" आक्का म्हणाल्या, दहा.

उरलेले बावीस बेड त्यांनी वेगळ्या खोलीत हलवलेत. पहिला तोडा आला की कळवतो. नाही आला तरी कळवतो. तुमचे किती गेले तेही लिहा, नाव नका लिहू, फक्त आकडा आणि काड लिहा. पुढचा माणूस वाचेल.

राम राम.